माळटाकळीचे जावई अंपायर

संक्रांत सरली की भागवत दुधाटेचा फोन शांत बसत नाही. तो असतो जिंतूरजवळच्या एका जिनिंगमध्ये, काट्यावर. समोर कापसाचा टेंपो उभा, ड्रायव्हर वजनाच्या चिठ्ठीसाठी हात लांब करून थांबलेला, आणि भागवत कानाला मोबाइल लावून पलीकडच्या माणसाचं बोलणं ऐकत असतो.

“भागवतराव, औंदा आमच्या गावात पोरं टुर्नामेंट घ्यायचं म्हणायलेत.”

“रान कुणाचं?”

हा त्याचा पहिला प्रश्न. चषक केवढा, पाहुणा कोण, डीजे कुठला, ही चौकशी नंतर. आधी रान.

“हरभऱ्याचं हाय. निघालंय आता.”

“भेगा?”

“हायत की. पाय जाईल एवढ्या.”

“मग आजच पाणी सोडा. अन रोलर कुठं मिळतोय बघा. मी ऐतवारी येतो.”

एवढं बोलून तो चिठ्ठी फाडतो, ड्रायव्हरच्या हातात देतो. त्या गावाची टुर्नामेंट तिथंच निम्मी उभी राहिलेली असते.

लग्नाला जसा आचारी सांगतात, मंडपवाला सांगतात, तसा आमच्या भागात टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धेला भागवत सांगतात. जिनिंगचा हंगाम संपतो आणि गावोगावच्या स्पर्धांचा सुरू होतो, त्यामुळे दोन्ही कामं त्याला बरोबर जमतात. मैदान आखायचं, संघांच्या जोड्या लावायच्या, अंपायर आणायचे, पाण्याच्या टाक्या, जनरेटर, मंडप, चषक, भांडणं, सगळं त्याच्याकडं. आवाज मात्र नागसेनचा. नागसेन खिल्लारे त्याचा कॉलेजपासूनचा दोस्त. जिंतूरच्या बसस्टँडजवळ त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे आणि देवानं त्याला असा गळा दिलाय की माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला कळत नाही. फ्लेक्स छापतो तोच आणि कॉमेंट्री करतो तोच. “चेंडू उडालाय, उडालाय, तुरीच्या रानात गेलाय, आता डाळ होऊनच परत येणार,” असं तो म्हणाला की बाया पदर तोंडाला लावून हसतात.

या धंद्यात खेळ हा सगळ्यात सोपा भाग, असं भागवत म्हणतो. अवघड असतो तो फ्लेक्स. कुणाचा फोटो वर, कुणाचा खाली, कुणाचा मोठा. एका गावात फोटोंच्या क्रमावरून उद्घाटनच राहिलं होतं. तेव्हापासून भागवत आणि नागसेननं गोल फ्लेक्स काढला. मधे चषक आणि भोवती सगळ्यांचे फोटो सारख्या मापाचे. तरी एकजण म्हणालाच, गोलात सगळ्यात वर कोण? तिथं मग ग्रामदैवत बसवलं. त्यावर कुणाला बोलता येईना.

दुसरं अवघड म्हणजे उशिरा येणारे संघ. फोन केला की म्हणतात, “निघालोत, पोखर्णीच्या पुढं आलोत.” मागून मात्र घरातल्या टीव्हीचा आवाज येत असतो. भागवत चिडत नाही. “बरं झालं,” म्हणतो, “तसंच पोखर्णीच्या देवळाचा एक फोटो काढून टाका, म्हंजे मला नरसिंहाचं दर्शन व्हईल.” मग पलीकडं गडबड उडते आणि पोरं खरोखर निघतात.

बक्षिसाची अक्कलही त्याचीच. मालिकावीराला मोठी ट्रॉफी द्यायची पद्धत होती. ती घरी नेली की आई तिच्यावर टॉवेल वाळत घालते. भागवतनं एका वर्षी ट्रॉफीऐवजी कूलर ठेवला. मंडपात, सगळ्यांना दिसेल असा, चालू करून. एप्रिलचं परभणीचं ऊन. पोरं कूलरकडं बघून बॅटिंग करायला लागली, आणि ज्या बायकांनी जन्मात क्रिकेट बघितलं नव्हतं त्या कूलर कुणाच्या घरी जातो हे बघायला रोज येऊन बसल्या. गर्दी दुप्पट झाली. आता सगळीकडं कूलरच लागतो.

तो या धंद्यात आला कसा, ते नागसेन रंगवून सांगतो. भागवत परभणीला कॉलेजच्या संघात खेळायचा, बरा खेळायचा. गुडघा गेला आणि खेळ सुटला. जिनिंगमध्ये लागला. एका उन्हाळ्यात मोटारसायकलवरून कुठूनतरी येत असताना रस्त्याकडंच्या रानात गर्दी दिसली म्हणून थांबला. फायनल अडली होती. दोन्ही अंपायर यजमान गावचे, आणि पाहुण्या संघानं खेळायला नकार दिलेला. वाद तासभर चालला. शेवटी एका म्हाताऱ्यानं बांधावर उभ्या असलेल्या भागवतला हाक मारली.

“ओ पाव्हणं, तुमी कुणाचेच न्हाईत न्हवं? मग या इकडं.”

तो गेला. टोपी कुणीतरी दिली. त्या दिवसापासून तो कुणाचाच नसलेला माणूस म्हणून गावोगाव फिरतोय.

लग्न जमताना मात्र या कामानं थोडा गोंधळ केला. माळटाकळी हे ताडकळसच्या पलीकडचं गाव. तिथल्या आबासाहेबांची मुलगी अर्पिता बघायला भागवतकडची मंडळी गेली. आबासाहेब बागायतदार, कमी बोलणारे. “पोरगा काय करतो?” त्यांनी विचारलं. भागवतचे काका म्हणाले, “जिनिंगमधी हाय. अन उन्हाळ्यात टुर्नामेंट चालवतो.” आबासाहेबांनी ऐकलं, टुरिस्ट चालवतो. म्हणजे गाडी आहे. त्यांनी होकार दिला. लग्नानंतर पहिल्या सणाला ते जावयाला म्हणाले, “जावईबापू, एकदा तुमच्या गाडीतून तुळजापूरला जाऊ.” भागवत अर्पिताकडं बघत राहिला. अर्पिता स्वयंपाकघरात जाऊन हसून घेऊन परत आली.

ती मात्र या धंद्यात लगेच मिसळली. तारखा आता तीच लावते. कोणत्या गावाची जत्रा कधी, कुणाकडं लग्नं किती, कुणाचा गहू काढायचा राहिलाय, हे तिला फोनवरच्या दोन वाक्यांत कळतं. संध्याकाळी भागवत तिला अंपायरच्या खुणा करून दाखवायचा, आणि ती भाकरी थापता थापता ओळखायची. वाइड, नो बॉल, बाय, लेग बाय. एकही चुकत नसे.

यंदाच्या उन्हाळ्यात माळटाकळीच्या पोरांनी स्पर्धा घ्यायची ठरवली. पुढाकार हरिओमचा. हरिओम म्हणजे अर्पिताचा धाकटा भाऊ, गावच्या संघाचा कप्तान, डोळ्यात भरेल असा फटका मारणारा. त्यानं सरळ बहिणीला फोन केला. “ताई, दाजीला सांग. दुसरा कुणी नगं आमाला.”

भागवतचं मन घेईना. सासरवाडीत स्पर्धा चालवायची, आणि मेहुण्याचा संघ त्यात.

“दुसरा कुणी सुचवतो त्यांना,” तो अर्पिताला म्हणाला.

“कामून? सगळ्या जिल्ह्याचं करायलाव, अन माझ्या माहेरचंच जड झालं का?”

“तसं न्हाई. तिथं मी जावई हाव.”

“मग जावयासारखं मंडपात बसा. अंपायर भाड्यानं आणा.”

हा तोडगा त्याला पटला. परभणीहून दोन चांगले अंपायर ठरवले. स्वतः फक्त व्यवस्था बघायची, मैदानात पाय टाकायचा नाही. आबासाहेबांनी आपलंच गव्हाचं रान दिलं. त्यांना खेळाशी देणंघेणं नव्हतं, पण जावयाचं काम गावानं बघावं असं मनात असणारच.

स्पर्धा झकास झाली. मी शेवटच्या दिवशी गेलो होतो, एका ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून बघितली. चुन्याच्या फक्कीच्या रेघा अशा सरळ की पेरणीच्या काकऱ्या वाटाव्यात. प्यायला माठाचं पाणी. बायकांना सावलीची वेगळी जागा. गोल फ्लेक्सवर वरच्या बाजूला मारुती. कूलर मंडपात घुमत होता. फायनलला माळटाकळी आणि शेजारचं देऊळपिंपरी समोरासमोर आलं, त्यामुळं दोन्ही गावांत त्या दिवशी दुपारी गुरांकडंसुद्धा बघायला माणूस नव्हता.

आणि नेमका सकाळच्या सामन्यात एक अंपायर उन्हानं चक्कर येऊन पडला. त्याला सावलीत झोपवलं, लिंबूपाणी पाजलं, पण उभं राहायची त्याच्यात ताकद नव्हती. दुसरा माणूस इतक्या घाईत येणार कुठून? भागवत देऊळपिंपरीच्या कप्तानाकडं गेला. पंडित त्याचं नाव, दुधाचा व्यवसाय करणारा, थंड डोक्याचा माणूस.

“पंडितराव, एका टोकाला मला उभं राहावं लागंल. मी या गावचा जावई हाव, तुमाला माहीत हाय. हरकत असंल तर आत्ता सांगा.”

पंडितनं पॅड बांधता बांधता वर बघितलं. “उभं राहा. तुमी आमच्या गावात बी टुर्नामेंट चालवली हाय. आमाला मंजूर हाय.”

देऊळपिंपरीनं पहिली बॅटिंग केली, चांगल्या धावा केल्या. माळटाकळी पाठलाग करत शेवटच्या षटकापर्यंत आली. शेवटचा चेंडू राहिला तेव्हा जिंकायला दोन धावा हव्या होत्या आणि समोर हरिओम होता. नागसेनसुद्धा माइकवर बोलायचा थांबला. आबासाहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. का उठलो ते त्यांचं त्यांनाही कळलं नसावं.

हरिओमनं चेंडू लाँगऑनकडं ढकलला आणि पळाला. एक धाव पुरी, तो भागवतच्या टोकाला आला, वळला आणि परत पळत सुटला. सीमेवरून थ्रो आला तोवर तो पलीकडं पोचला होता. दोन धावा.

मग जे झालं ते सांगायला नको. डीजे सुरू झाला. गुलालाची पोती फुटली. पोरं मैदानात घुसली आणि हरिओमला खांद्यावर घेतलं. दोघांनी तर आबासाहेबांनाच उचललं. ते “अरे सोडा, सोडा” म्हणत होते आणि हसत होते. तो माणूस हसताना मी पहिल्यांदा बघत होतो. देऊळपिंपरीची पोरं मान खाली घालून किट आवरायला लागली, टेंपोकडं निघाली.

आणि या सगळ्याच्या मधोमध, स्टंपापाशी, भागवत उजवा हात कोपरातून वाकवून, बोटं खांद्याला टेकवून उभा होता.

त्याच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. कुणीतरी येऊन त्याच्या कपाळाला गुलाल लावला, मिठी मारली आणि गेला. भागवत तसाच. दुसऱ्यानं टोपीत गुलाल भरून ती त्याच्या डोक्यावर दाबली. भागवत तसाच, गालावरून गुलाल ओघळतोय, बोटं खांद्यावर. बायकांच्या जागेत बसलेली अर्पिताची चुलती सुलाबाई म्हणाली, “अगं, जावयाचा खांदा धरलाय वाटतं. उन्हातान्हात उभं राहून राहून. जा गं कुणी, बाम आणा.” एक मुलगी खरंच बाम आणायला पळाली.

अर्पिता मात्र उभी राहिली होती. तिला ती खूण माहीत होती. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं आणि एकटक नवऱ्याकडं बघत राहिली.

नागसेननं बघितलं त्याच सुमारास. तो माइकवर “माळटाकळीच्या वाघांनी...” एवढं म्हणाला आणि थांबला. मग त्याचा आवाज आला, नेहमीपेक्षा खाली. “मंडळी, एक मिनिट. डीजे बंद करा. बंद करा म्हणतोय ना. अंपायरकडं बघा.”

सगळ्यांनी बघितलं. पुष्कळांना काहीच कळलं नाही. ज्यांना कळलं त्यांनी शेजाऱ्याला सांगितलं. एक धाव शॉर्ट. पहिली धाव घेऊन वळताना हरिओमची बॅट रेघेला टेकली नव्हती. म्हणजे दोनाची एकच धाव. म्हणजे सामना बरोबरीत.

हरिओम खांद्यावरून खाली उतरून भागवतजवळ आला. “दाजी, हात खाली घ्या.”

भागवतनं हात खाली घेतला. “एक रन शॉर्ट हाय.”

“मी टेकवली होती बॅट.”

“न्हाई टेकली.”

“कुणी बघितलं?”

“मी बघितलं. तिथं मला त्याच्यासाठीच उभं केलंय.”

नागसेनच्या मोबाइलवरून सामना थेट दाखवला जात होता. दहाबारा पोरांनी त्याच्याभोवती कोंडाळं केलं आणि तेवढा भाग पुन्हापुन्हा लावून बघितला. पण मोबाइल धरणाऱ्यानं चेंडूचा पाठलाग केला होता. पडद्यावर लाँगऑनचा खेळाडू दिसत होता, त्याच्यामागचं बाभळीचं झाड दिसत होतं. हरिओमची बॅट कुठंच नव्हती. गावात एवढी माणसं, सगळ्यांची नजर चेंडूवर. रेघेकडं बघणारा माणूस एकच होता.

गंमत अशी, की देऊळपिंपरीवाल्यांनीही काही बघितलं नव्हतं. ते टेंपोत बसले होते. त्यांना परत बोलवायला मोटारसायकल पाठवावी लागली. पंडित आला, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि भागवतकडं थोडा वेळ बघत राहिला. पोरांना म्हणाला, “उतरा, पॅड बांधा.”

एकेक षटक जादा खेळवायचं ठरलं. माळटाकळीची पोरं नाचून दमलेली, डोळ्यांत गुलाल. हरिओम पहिल्याच चेंडूवर झेल देऊन परतला. गोलंदाजी करायची वेळ आली तेव्हा हातांना गुलाल, चेंडूही गुलाबी झालेला, आणि तो हातातून सटकत होता. देऊळपिंपरीनं चार चेंडूंत काम उरकलं. सूर्य मावळायच्या आत चषक शेजारच्या गावाला गेला. कूलर मात्र हरिओमला मिळाला, कारण मालिकेत त्याच्याएवढ्या धावा कुणीच केल्या नव्हत्या. पण कूलर घ्यायला हरिओम पुढं आलाच नाही. कूलर शेवटी सुलाबाईनं ताब्यात घेतला.

त्या संध्याकाळी आबासाहेबांच्या घरी जेवणावळ होती. विजयाची जिलेबी आधीच सांगून ठेवलेली. ती परातीत तशीच राहिली. सासू सरजाबाई जावयाला वाढत होत्या, “घ्या,” “आणखी घ्या,” एवढंच बोलत होत्या. आबासाहेब मान खाली घालून जेवले. हरिओम घरी आलाच नाही, रानातल्या आखाड्यावर, गुरांच्या खोपटात जाऊन झोपला.

सकाळी भागवत निघायची तयारी करत होता. आबासाहेब अंगणात आले आणि म्हणाले, “जावईबापू, मला तो खेळ कळत न्हाई. काल काय झालं ते मला दाखवा.”

सरजाबाईंनी नुकताच सडा टाकला होता. भागवतनं त्यांच्याकडची रांगोळी घेऊन जमिनीवर एक रेघ ओढली. कोपऱ्यात तुरीची वाळकी तुराटी पडली होती, ती हातात घेतली. “मामा, इथवर पळत यायचं. बॅट नाहीतर पाय ह्या रेघेच्या पलीकडं टेकवायचा. मग माघारी फिरायचं. हरिओम असा आला...” तो पळत आला, वाकला, आणि तुराटीचं टोक रेघेच्या अलीकडंच हवेत ठेवून वळला. “...अन असा गेला.”

आबासाहेब रेघेकडं बघत राहिले. त्यांना तेवढ्यासाठी एवढं झालं हे पटेना. सरजाबाई बादली घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “म्हंजे औत धुऱ्याला, बांधाला लागायच्या आधीच फिरवलं म्हणायचं. तेवढी पट्टी पडीकच राहिली की मग.”

“तसंच, मामी.”

आबासाहेबांनी मान हलवली. कळलं होतं, पण दुखणं दुसरं होतं. “तरी पण, सगळ्या गावापुढं? एवढा गुलाल उधळल्यावर? हरिओमच्या कानात सांगता आलं असतं.”

भागवतनं तुराटी भिंतीला टेकवून ठेवली. “मामा, त्या खेळात कानात सांगायची खूण न्हाई. खांद्याला हात लावायचीच हाय.”

अर्पिता आठ दिवस माहेरी राहणार होती. तिनं आपली पिशवी भरली आणि ती भागवतबरोबरच निघाली. सरजाबाईंनी तिला अडवलं नाही, पण बसस्टँडपर्यंत सोडायलाही कुणी आलं नाही. बस अर्धी रिकामी होती. बऱ्याच वेळानं अर्पिता म्हणाली, “तुमी हात खाली घेतला असता तर कुणाला काय कळणार होतं?”

“कुणालाच कळलं नसतं.”

“मग?”

“मग पुढच्या गावात बॉल पडला की मला तेच आठवलं असतं.”

तिनं खिडकीबाहेर बघितलं. “माझ्या भावाचं तोंड बघवत न्हवतं,” ती म्हणाली. नंतर पिशवीतून जिलेबीचा पुडा काढला. आईनं गुपचूप घातला होता. दोघांनी ती जिलेबी जिंतूर येईपर्यंत संपवली.

पण प्रकरण तिथं संपलं नाही. माळटाकळीच्या पारावर हळूहळू एक वेगळीच कुजबुज सुरू झाली. आधी म्हणायचे, जावयानं घात केला. मग म्हणायला लागले, जावई विकला गेला. पंडितनं काहीतरी दिलं असणार, नाहीतर सासरवाडीला असं कोण करतं? नागसेनकडं हे आलं तेव्हा त्यानं दुकान बंद करून माळटाकळीला जायची तयारी केली. भागवतनं त्याला बसवलं. “जाऊन काय सांगणार? आपल्याकडं दाखवायला काय हाय?” एका गावानं ठरलेली स्पर्धा रद्द केली. हंगाम संपलेल्या जिनिंगच्या रिकाम्या काट्यावर भागवत बसलेला असताना कुणी हाक मारली तर त्याला दुसऱ्या हाकेला ऐकू जायला लागलं होतं.

त्यात अधिक महिना लागला. लग्नानंतरचा पहिलाच धोंड्याचा महिना. घरोघरी जावयांना बोलावणी, पुरणाच्या धोंड्यांचं जेवण, नवे कपडे. गल्लीतल्या बाया अर्पिताला विचारायच्या, “माहेराहून फोन आला का गं?” ती म्हणायची, “यायलाय की, चार दिवसांत.” पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. माळटाकळीहून फोन नव्हता. भागवत म्हणायचा, “मला तसंबी पुरण बाधतं.” आणि हे खोटं आहे हे दोघांनाही माहीत होतं.

मधल्या काळात तिकडं एक गोष्ट घडली. ताडकळसच्या बाजारच्या दिवशी हरिओम चहाच्या टपरीवर उभा होता. गावातलीच चारपाच पोरं होती, आणखी दोन गावची होती. बोलणं क्रिकेटवर आलं आणि एकजण हसत म्हणाला, “ह्याच्या दाजीला काय विचारता, जिकडून मिळंल तिकडं त्याचा हात.” आणखी एकानं अर्पिताचं नाव घेऊन काहीतरी जोडलं, आता नवे दागिने दिसतील अंगावर, असं.

हरिओमनं चहाचा ग्लास खाली ठेवला.

“बॅट टेकली नव्हती,” तो म्हणाला.

“काय?”

“माझी बॅट टेकली नव्हती. मला तवाच माहीत हुतं. पळायच्या घाईत वळलो. दाजीनं शॉर्ट बरोबर दिली.”

मग कुणीतरी म्हणालं, “मग तवाच कामून बोलला न्हाईस?”

“मला खांद्यावर घेतलं हुतं तुमी,” हरिओम म्हणाला. आणि बाजारातून काहीच न घेता गावाकडं निघाला.

घरी येऊन त्यानं वडलांनाही तेच सांगितलं. आबासाहेब गोठ्यात होते. त्यांनी ऐकून घेतलं, वैरणीची पेंढी टाकली, हात धुतले आणि खिशातून मोबाइल काढला. भागवतला त्यांनी यापूर्वी स्वतः कधी फोन केला नव्हता. तो नेहमी सरजाबाईंचा किंवा हरिओमचा असायचा.

“जावईबापू, महिना सरत आला. कधी यायलाव?”

भागवत उठून उभा राहिला. “तुमी म्हणाल तवा, मामा.”

“मी काय म्हणणार? तारखा अर्पी लावती न्हवं तुमच्या? तिलाच विचारा.”

ताडकळसच्या स्टँडवर घ्यायला हरिओम आला होता. मोटारसायकलवर तिघं बसले. रस्ताभर वाऱ्यामुळं बोलता येत नव्हतं, ते दाजी-मेहुणे दोघांच्याही सोयीचं होतं. गावाजवळ गाडी हळू झाली तेव्हा हरिओम मागं न बघता म्हणाला, “दाजी, दोन बोटं ऱ्हायली हुती बॅट.”

“तीन,” भागवत म्हणाला.

हरिओमचे खांदे हलले. हसत होता की खड्डा होता, ते मागं बसलेल्या अर्पितालाही सांगता आलं नाही.

जेवण असं झालं की भागवतला उठवेना. सरजाबाईंनी धोंडे मोजायचेच नाहीत असं ठरवलं होतं. आबासाहेबांनी नवा ड्रेस दिला, अधिकाच्या रीतीप्रमाणं ताटात ठेवून दिवा दिला, आणि अर्पिताला साडी. सुलाबाईनं तिच्या घरून कूलर उचलून आणला, जावयासाठी ओसरीत लावला आणि वर ठणकावून सांगितलं, की उद्या सकाळी परत नेणार.

दुपारी भागवत त्या कूलरसमोर आडवा झाला, तोवर गावातली पोरं ओसरीच्या पायरीवर जमा झाली. माफीबिफी कुणी मागितली नाही. एकानं विचारलं, “दाजी, बॅट्समनचा बूट निघून स्टंपावर पडला तर आऊट का?” भागवतनं डोळे न उघडता सांगितलं. दुसऱ्यानं विचारलं, “अन बॉल कुत्र्यानं नेला तर?” तेही सांगितलं. मग कुणीतरी पुढच्या वर्षी व्हॉलीबॉलची स्पर्धा घ्यायची का असं विचारलं. भागवत म्हणाला, “नेट चांगली लागती. अन रान...” आणि त्यापुढं काही आलं नाही. धोंडे चढले होते. तो घोरायला लागला होता.

पोरं वाट बघत बसली. हळू आवाजात त्यांच्यात वाद सुरू झाला, रान कुणाचं घ्यायचं यावरून. आवाज वाढायला लागला तशी सरजाबाई आतून आल्या आणि त्यांनी हातानंच सगळ्यांना खाली उतरवलं.

“उठल्यावर इचारा,” त्या म्हणाल्या. “अन चप्पल वाजवू नका जाताना.”